पाचाच्या आत

मुख्तारभाईचा फोन आला तेव्हा मी पोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरत होते.
"ताई, काट्याचं डोस्कं उठंना झालंय."
मानवत रोडला जिनिंगच्या फाटकापासून
कापसाचे ट्रॅक्टर थेट रेल्वेच्या गेटापर्यंत.

काटा म्हणजे ट्रक तोलणारा.
त्याचं डोकं म्हणजे एक पिवळट संगणक,
ज्याला हार्डडिस्क कधी मिळालीच नाही.
सकाळी फ्लॉपी चाटतो, मग जागा होतो.
तेहतीस वर्षं.
आज चाटली आणि नुसतं कर्र, कर्र, कर्र.
काढून उजेडात धरली:
तपकिरी चकतीवर गोल ओरखडा,
बोटांना तिचीच पूड.

प्रोग्राम लिहिणारे मुदगलकर दिवाणजी
वारले त्याला आठ वर्षं झाली.
पण त्याआधी एकदा दुकानात येऊन म्हणाले होते,
"हिची सावली काढून ठेव कुठं तरी."
ठेवली होती.
तीनशे साठ केबी. आजच्या फोटोतल्या
नवरीच्या नथीएवढी.

पेनड्राइव्ह त्या यंत्राच्या गावी नाही.
म्हणून नांदेडच्या भंगारातून आणलेला माझा ड्राइव्ह
कापसाच्या गठाणीवर मांडला
आणि सावली परत चकतीवर उतरवायला बसले.
कोरी फ्लॉपी आता कुठून आणायची?
मुख्तारभाईनं कपाटातून एक दिली,
लेबलवर दिवाणजींचं निळं अक्षर:
हंगाम ९४, दिवाळीपासून.

लिहिली.
माझ्याकडे वाचली गेली. त्यांच्याकडे नाही.

त्याचं असं असतं,
माझ्या ड्राइव्हचं डोकं नंतरच्या काळातलं, बारीक.
जुन्याचं रुंद.
रुंद चाकोरीत मी बारीक रेघ ओढली
आणि तिच्या कडेला चौऱ्याण्णवचा हंगाम तसाच पडून राहिला.
जुनं डोकं दोन्ही एकदम ऐकतं
आणि बावचळतं.

"मंग?"
"मग आधी सगळं पुसावं लागेल. पार कडेपर्यंत."

मुख्तारभाई टेम्पोच्या फुटक्या स्पीकरचं चुंबक घेऊन आला.
"माझ्या बापाची गाडी असंल ह्याच्यात," म्हणाला,
"चार खेपा केल्या होत्या त्या साली."
मी थांबले.
"फिरवा की. लोकं खोळंबलेत."

कणीक मळावी तसा हात फिरवला,
आणि चुंबक हळूच, अगदी हळूच दूर नेलं.
झटक्यानं नेलं तर डाग राहतो.

पुन्हा उतरवण्याआधी सहज
सावलीच्या आत डोकावले.
आकड्यांच्या रानात इंग्रजी अक्षरांतलं मराठी,
संगणक जिला न वाचता ओलांडतो अशी एक ओळ:
पाचाच्या आत उरलं तर पाच धर.
माणूस रात्रभर उभा आहे.

म्हणजे इतकी वर्षं
कुणाला दोन किलो, कुणाला तीन, कधी चार.
बाकलीवाल शेठला ठाऊक नाही,
त्यांच्या वडिलांना नव्हतं.
एक आकडा बदलला की संपलं.
बोट होतंही तिथंच, कीबोर्डवर,
आणि शेठच्या गाडीचा उजेड भिंतीवरून सरकत आत आला.

मी फाईल बंद केली. काही न बदलता.

शून्यापासून एकोणचाळीसपर्यंत चाळीस चाकोऱ्या,
ड्राइव्ह प्रत्येकीला एक ठोका देत गेला.
सतराव्याला लाईट डचमळली.
बाहेर कुणीतरी ट्रॅक्टरखाली स्टोव्ह पेटवला होता,
चहाचा वास.
एकोणचाळीस.

जुन्या ड्राइव्हचा खटका पाडला.
कर्र.
मग दुसरा आवाज, घशातून आल्यासारखा,
आणि काचेवर हिरवी अक्षरं.

शेठ पाठीशी उभे होते.
"आत काही नवीन तर नाही ना घातलं?"
"एक अक्षरही नाही."

पहिला ट्रॅक्टर चढला. पाटा हलला, स्थिर झाला.
प्रिंटरनं करकरत पावती सोडली.
मुख्तारभाईनं शेवटचा आकडा पाहिला,
पुसलेल्या फ्लॉपीवरच्या लेबलाकडं एकदा पाहिलं
आणि शिक्का मारला.